एक दात मागं

मी राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी घरमालकांनी माझ्या ट्रंकेवर दोन ठिपके काढले. कमरेची चंची सोडली, डबीतला चुना बोटावर घेतला, एक ठिपका झाकणाला आणि बरोबर त्याच्या खाली दुसरा पेटीला. मग झाकण उघडलं, मिटलं, ठिपक्याखाली ठिपका आला का ते वाकून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "खुणेला खूण लागली पायजे, सायेब. झाकण काय, कसंबी बसतं."

ट्रंक माझी, झाकण माझं, त्याला कुलूपही माझंच. मला राग आला. पण तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम नुकतं सुरू झालं होतं, आमच्यासारखे घाटावरचे लोक बोईसर स्टेशनात रोज उतरत होते आणि राहायला जागा म्हणाल तर गोठासुद्धा रिकामा नव्हता. मी ड्राफ्ट्समन. दिवसभर नकाशांवर रेषा ओढून संध्याकाळी पाठ टेकायला चार भिंती हव्या होत्या. म्हटलं, काढू दे ठिपके.

घर खाडीच्या काठी होतं. पलीकडे दांडी, कोळ्यांचं गाव. अलीकडे सुरूची झाडं, थोडी भातखाचरं आणि हे एकटं कौलारू घर. घरमालकांना सगळा मुलूख भाऊ म्हणायचा. बोईसरच्या रस्त्याला त्यांची भाताची गिरणी होती. तिच्या ऑइल इंजिनाचा धूर खाऊन खाऊन त्यांचा आवाज बसला होता. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तिला मी वहिनी म्हणत असे. माहेर केळव्याचं. कपाळाला मोठं ठसठशीत कुंकू, आणि बोलणं जवळजवळ नाहीच.

दोनचार दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ठिपके एकट्या माझ्या ट्रंकेवर नव्हते. ते सगळीकडे होते. दाराच्या फळीवर एक, चौकटीवर एक. रांजणावर आणि रांजणाच्या झाकणावर. खाटेच्या पायावर आणि खालच्या जमिनीवर. कपावर आणि बशीवरसुद्धा. चहा पिऊन मी कप कसाही ठेवला तर भाऊ बोलता बोलता हात लांब करायचे आणि ठिपक्यासमोर ठिपका येईपर्यंत कप फिरवायचे. चुना तो, दिवसभरात पुसट व्हायचा. म्हणून रोज सकाळी अंघोळीनंतर, लोक देवाला फुलं वाहतात त्या वेळी, भाऊ डबी घेऊन घरभर हिंडायचे आणि गेलेले ठिपके पुन्हा काढायचे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक चुन्यानं खाऊन पांढरंफटक झालं होतं. त्या बोटाला चटका बसला तरी त्यांना कळत नसे.

मी थट्टा करायचो. म्हणायचो, "भाऊ, माझ्या डोक्याला आणि उशीला एकेक लावून ठेवा. सकाळी उठलो की डोकं जागेवर आहे का ते कळेल."

ते हसायचे नाहीत. एकदा मात्र त्यांनी उत्तर दिलं. अंगणात उतरायच्या दगडी पायरीजवळ, खाली मातीत एक सपाट दगड बसवला होता. त्यावर एक ठिपका होता. आजूबाजूला कितीही शोधलं तरी त्याचा जोडीदार दिसेना. मी म्हटलं, "भाऊ, याची जोडी कुठं आहे?"

"यायचीय," भाऊ म्हणाले आणि डबी मिटून आत गेले.

पडवीत एका बाजूला पोत्याखाली एक फटफटी उभी असायची. महायुद्धानंतर लष्कराच्या भंगारातून मुंबईला लिलावात घेतलेली, इंग्रजी, जडशीळ. भाऊ तिच्यावर कधी बसलेले मी पाहिले नाहीत. पण दर पंधरवड्याला ते तिचं इंजिन उघडायचे. उजव्या अंगाचं झाकण काढायचं, आतली दातेरी चाकं बाहेर घ्यायची, रॉकेलनं पुसायची आणि परत बसवायची. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला यंत्रातलं काही कळत नाही. मी विचारलं, "सारखं काय बिघडतं हिचं?"

भाऊंनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. "हे चाक पिस्टनच्या दांड्याचं. हे कॅमचं, ते व्हॉल्व उघडतं नि मिटतं. दोघं एकमेकांच्या दातात बसतात. दोघांवर खूण असते. खूण खुणेला लावली की इंजिन शिस्तीत श्वास घेतं. आता बघा." त्यांनी बोटं सोडवली आणि एक बोट सरकवून पुन्हा अडकवली. "एक दात मागं. बसलं का नाय? बसलं. फिरतं का? फिरतं. गाडी चालतेबी. पण करून बघा."

मी माझी बोटं तशी अडकवली. कुणीही करून पाहावं. एक बोट सरकवून हात जोडले की आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो. मी पटकन सोडवले.

हे सगळं विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या पावसाळ्यानंतर मला थंडीतापानं गाठलं आणि मी काही दिवस घरीच होतो. एका दुपारी, उन्हं कलली होती, मी घोंगडी पांघरून पडलो होतो. भाऊंनी फटफटी हातानं ढकलत सुरूच्या झाडांपलीकडे, खाडीच्या कडेला नेली. थोड्या वेळानं आवाज आला. फट फट फट फट, आणि मग छातीत कफ अडकल्यासारखा एक खोकला. पुन्हा फट फट फट फट, पुन्हा खोकला. आवाज सुरू होताच स्वयंपाकघरात भांडं वाजलं. वहिनी लगबगीनं बाहेर आल्या. इतक्या महिन्यांत त्यांना मी लगबगीनं चालताना पाहिलं नव्हतं. चेहरा फुललेला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आले पलीकडं."

मला वाटलं तापात ऐकतोय. त्यांनी ताट वाढलं, भात, आमटी, तळलेला मासा, सगळं नीट, आणि वर दुसरं ताट झाकलं. ठिपक्यावर ठिपका. मग ओट्यावर खाडीकडे तोंड करून बसल्या. आवाज बंद झाला. त्या तशाच बसून राहिल्या. अंधार पडायच्या आत झाकण काढून त्या ते ताट स्वतः जेवल्या. मला म्हणाल्या, "भरती लागली. आता पुढल्या तेरशीला येतील." आणि शांतपणे भांडी घासायला गेल्या. त्या शांतपणानं मला तापापेक्षा जास्त हुडहुडी भरली.

मासळी घेऊन दांडीची एक कोळीण यायची. बोलकी, धिप्पाड बाई. तिच्याकडून मला सगळं कळलं.

"धाकला म्हंजे काय, राजा माणूस," ती म्हणाली. "लगीन होऊन वरीस नवतं झालं. भाऊनं फटफटी खोलून नव्यानं बांधली. म्हनला, आता ही बंद पडायची नाय, खाडीतून ने. आमी ओहोटीला पायी येतो-जातो नाय का, तसा तो फटफटीवर निघाला. तेरस व्हती. तेरशीला दुपार कलल्यावर खाडी पार सुकते, पन मंग पानी चढतं ते धावत चढतं. दांडीला आला, पोरांना बसवून फेरी मारली, गप्पा ठोकल्या, परत फिरला. आमी काठावर उभे. ही बाय तिकडं ओट्यावर. आवाज ऐकून तिनं ताट वाढलं. मधल्या वाळूच्या पट्ट्यावर फटफटी खोकली नि बंद पडली. तो लाथ मारतोय, मारतोय. आमी वरडतो, सोड ती, पळ! सोडील तर शपथ. भावानं बांधलेली ना. मंग पानी आलं."

"सापडला?"

"तो नाय सापडला. सकाळच्या ओहोटीला फटफटी सापडली. पट्ट्यावर. स्टँडवर उभी व्हती, सायेब." तिनं आवाज उतरवला. "आमच्या बापजन्मात असं बघितलं नाय. तवापासून ही बाय म्हनते, बुडनारा मानूस गाडी स्टँडवर लावील काय? लावून चालत गेलेत. येतील. काय सांगनार तिला?"

पुढचं भाऊंनीच सांगितलं, मी खोदून विचारल्यावर, फटफटीशेजारी उकिडवं बसून. गाडी भंगारातून जोडलेली, एक दातेरी चाक एका गाडीचं, दुसरं दुसरीचं. कारखान्याच्या खुणा एकमेकींना जुळत नव्हत्या. म्हणून खोलायच्या आधी भाऊंनी आपल्या खुणा केल्या. गिरणीचं इंजिन खोलताना करायचे तशा. चंचीतल्या चुन्यानं. मग चाकं रॉकेलमध्ये धुतली. चुना गेला.

"मला वाटलं, ध्यानात हाय," भाऊ म्हणाले. "बसवली. किक मारली. चालू झाली. जरा खोकली. म्हटलं, नवं बांधलंय, खोकेल, मग सुटेल. खाडीतनं काढल्यावर खोलून बघितली. एक दात मागं."

गाडी धुऊन, पुसून त्यांनी दात जागेवर आणला. सुरू केली. सरळ, एकसारखा आवाज. धाकट्याची बायको धावत बाहेर आली आणि ओट्यावर थबकली. म्हणाली, "ही त्यांची नाय." तिनं जी ऐकली होती ती खोकणारी होती. त्या दिवशी तिनं ताट वाढलं नाही. मग वाढेचना. आवाज नाही तर ताट नाही, ताट नाही तर जेवण नाही. पेज आणि पाणी. तिला उठवेनासं झालं तेव्हा भाऊंनी इंजिन पुन्हा उघडलं आणि हातानं, जाणूनबुजून, एक दात मागं बसवला. तेरशीला खाडीच्या कडेला नेऊन वाजवली. तिनं ताट वाढलं.

तेव्हापासून दर तेरशीला तसंच. आधी चूक बसवायची, आणि नंतर ती काढायची.

"काढता कशाला?" मी विचारलं.

"चुकीचं ठेवून झोप नाय लागत."

"तिला माहीत आहे? तो खोकला म्हणजे तुमची चूक, हे?"

भाऊंनी मान हलवली. नाही. तिला वाटायचं तो त्या गाडीचा आवाजच आहे, एखाद्या माणसाची चाल असते तसा. जो आवाज ऐकून ती जगत होती त्यानंच तिचा नवरा गेला, हे त्या घरात एकट्या भाऊंना माहीत होतं. आणि आता मला.

माझा स्वभाव असा, की वाकडी रेष दिसली की पुसून सरळ केल्याशिवाय चैन पडत नाही. मी त्यांच्या मागे लागलो. म्हटलं, भाऊ, ही तिची सेवा नाही, ही तिला कोंडून ठेवणं आहे. सांगून टाका. रडेल, तुम्हाला बोलेल, पण सुटेल. ते म्हणायचे, "नि मी?" आणि रॉकेलचं फडकं उचलायचे. खरं सांगायचं तर मला त्यांचा कळवळा कमी आणि वीट जास्त आला होता. 

एकदा मात्र त्यांनी माझं ऐकलं. त्या वेळी त्यांनी नुसतं झाकण नाही, सगळं इंजिनच उतरवलं. सिलिंडर पोत्यावर, पिस्टन फडक्यात, चाकं रॉकेलच्या परातीत. म्हणाले, "या तेरशीला नाय वाजवणार. तिनं विचारलं की सांगीन."

रविवार होता, मी घरी होतो. दुपार कलली. वहिनी ओट्यावर येऊन बसल्या, शेजारी रिकामं ताट. भाऊ पडवीत परातीपुढे. त्यांच्या तळहातावर कॅमचं चाक होतं, रॉकेल टपकत होतं. मी दोघांच्या मधे खांबाला टेकून उभा. वारा पडला होता. वहिनी दर थोड्या वेळानं मान वळवून पडवीकडे बघायच्या. भाऊंचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता सांगतील. आता.

फट फट फट फट. आणि खोकला.

खाडीच्या पलीकडून. दांडीच्या बाजूनं. मी आधी पोत्याकडे बघितलं. सिलिंडर तिथंच पडला होता. फटफटीच्या सांगाड्यातून समोरची भिंत दिसत होती. पुन्हा आवाज आला. तोच, त्याच जागी खोकणारा. त्या काळात बांधकामावर कंत्राटदारांच्या मोटारसायकली पुष्कळ होत्या, त्यातल्या एखादीचं टायमिंग चुकलेलं असू शकतं, हे मी पुढे स्वतःला कितीतरी वेळा समजावलं आहे. त्या क्षणी मात्र मी पुन्हा पोत्याकडेच बघत होतो.

"आले," वहिनी म्हणाल्या आणि ताट उचललं.

भाऊंनी खाडीकडे पाहिलंच नाही. ते हातातल्या चाकाकडे बघत होते. कान आवाजाकडे. अगदी हळू म्हणाले, "अजून एक दात मागं हाय." आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की तो मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. ते किंचाळले, "मधे बंद पडणार ती!"

चाक मुठीत धरून ते धावत सुटले. पायरी, सुरूची झाडं, मग चिखल. मी मागोमाग. वहिनी ओट्यावर उभ्या. भाऊंच्या त्या बसलेल्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. "उतरू नको! अरे थांब! तिकडंच थांब! मी चुकलो! दात मी चुकीचा लावला! माझी चूक हाय, गाडी सोड!" सगळी खाडी मोकळी, सुकी, चकाकत होती. एकही माणूस नव्हता. आवाज मात्र पलीकडच्या काठावरून खाली उतरला. तो जवळ येत होता हे मी शपथेवर सांगीन. मधल्या पट्ट्याजवळ एक मोठा खोकला आला आणि आवाज थांबला.

मी कडेला थांबलो. पुढे जायची माझी छाती झाली नाही. भाऊ गुडघाभर चिखलातून पट्ट्यावर चढले. तिथं उभे राहिले, वाकले, कुणाशी तरी बोलल्यासारखे. मग पाण्याची पहिली जीभ पट्ट्याभोवती फिरली. मी ओरडलो. ते सावकाश, कुणी वाटेला लावल्यासारखे परत आले. मूठ उघडी होती. चाक नव्हतं.

"चाक कुठं?" मी विचारलं.

"दिलं," भाऊ म्हणाले.

घरी आलो तेव्हा वहिनी तशाच उभ्या होत्या. ताट रिकामं, हातात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाजूला वारा नव्हता आणि भाऊंचा शब्द न् शब्द पोचला होता.  ताट पालथं घालून आत गेल्या. पुढचा सगळा पंधरवडा त्या भाऊंशी बोलल्या नाहीत, पण पेजेवरही राहिल्या नाहीत. स्वतःपुरतं शिजवायच्या, जेवायच्या. भाऊंचं त्यांनी वाढलं नाही. ते गिरणीवर चणे-कुरमुरे खाऊन दिवस काढायचे.

पुढे माझी बदली झाली आणि ते घर सुटलं. नंतर दोनदा गेलो होतो. भाऊंचं बोट भरून आलं होतं, इतर बोटांसारखं. घरात एकही ठिपका नव्हता. कप मी मुद्दाम वाकडा ठेवला, त्यांनी पाहिला आणि तसाच राहू दिला. गिरणीची, भाताच्या भावाची चौकशी झाली. बाकी विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. पायरीजवळचा तो सपाट दगड तेवढा मी जाताना पाहिला. त्यावर लोखंडाचा ओरखडा होता, स्टँडच्या पायाएवढा. तो मी राहायला आलो तेव्हा नव्हता असं मला वाटतं.

भाऊंनी चाक दिलं त्याच्या पुढल्या तेरशीचं सांगायचं राहिलं. इंजिन अजून पोत्यावर सुटंच होतं. कॅमचं चाक नव्हतं, त्यामुळे ते बांधता येणं शक्यच नव्हतं. भाऊ पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. वहिनी ओट्यावर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दुपार कलली आणि पलीकडून आवाज आला.

या वेळी खोकला नव्हता. फट फट फट फट फट, एकसारखा, निरोगी, शिस्तीत श्वास घेणारा. काठ उतरला. पट्ट्याजवळ आला. भाऊंनी डोळे मिटून घेतले. पट्टा ओलांडला. थांबला नाही. अलीकडचा चढ चढला, सुरूच्या झाडांतून आला, अंगणापर्यंत आला. अंगणात ऊन होतं, एक कोंबडी होती, दुसरं काही नव्हतं. आवाज बंद झाला. मग खट्‌ करून स्टँड लागला.

मी खांब घट्ट धरून ठेवला होता. वहिनी उठल्या. आत जाऊन त्यांनी ताटं वाढून आणली आणि पडवीत मांडली. झाकली नाहीत. भाऊ भिंतीकडेच बघत होते. त्यांच्या पाठीला उद्देशून त्या म्हणाल्या, "या भाऊ, बसा. दोघांचं वाढलंय."

भाऊ हात धुऊन आले आणि भिंतीपासून एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसले.